कोठाराची किल्ली



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा स्वाभाविकपणे लढायांची, तहांची आणि राजपुरुषांची असते. आज मी आपणांस धान्याच्या कोठारांविषयी चार गोष्टी सांगणार आहे. विषय काहीसा रुक्ष वाटेल. परंतु एखादे राज्य प्रजेचे होते की केवळ राजाचे होते, हे ज्या थोड्या कसोट्यांवर उतरून पाहता येते, त्यांत त्याच्या कोठारांची व्यवस्था ही एक मोठी कसोटी आहे असे मला वाटते. एकच कोठार बांधणे हे गवंड्याचे काम आहे. अनेक ठिकाणच्या कोठारांची एक साखळी उभारणे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालती ठेवणे हे मात्र राज्यकर्त्यांचे काम आहे. या दुसऱ्या कामात थोर थोर राज्ये कशी यशस्वी झाली आणि कशी फसली, याचा आज विचार करू.

आरंभ एका फसलेल्या योजनेपासून करतो. पाटण्यास गंगेच्या काठी ‘गोलघर’ नावाची एक प्रचंड वास्तू आहे. मधमाशांच्या पोळ्यासारखा तिचा आकार, सुमारे २९ मीटर उंची, जवळजवळ बारा फूट जाडीच्या भिंती, आणि बाहेरून वळसे घेत माथ्यापर्यंत गेलेले दोन जिने. हमालाने पाठीवर पोते घेऊन एका जिन्याने वर जावे, माथ्यावरील भोकातून धान्य आत ओतावे आणि दुसऱ्या जिन्याने खाली यावे, अशी ही योजना. हिच्यामागे १७७० चा बंगालचा भयंकर दुष्काळ होता. त्या दुष्काळात बंगालची एक तृतीयांश प्रजा नाहीशी झाली, असा अंदाज पुढे वॉरन हेस्टिंग्जने स्वतःच कंपनीच्या वरिष्ठांना कळविला होता. आणि त्या काळातही सारावसुली मात्र कडकपणे चालू राहिली होती. १७८३ मध्ये पुन्हा पावसाने दगा दिला, तेव्हा कंपनी सरकारला जाग आली. २० जानेवारी १७८४ रोजी हुकूम निघाला आणि कॅप्टन जॉन गार्स्टिन या इंजिनियराने २० जुलै १७८६ रोजी काम पुरे केले.

या वास्तूवर जो लेख कोरलेला आहे, तो मोठा बोलका आहे. त्यात प्रथम ‘क्रमांक १’ असा आकडा आहे. या प्रांतांतील दुष्काळाचे कायमचे निवारण करण्याच्या एका सर्वसाधारण योजनेचा भाग म्हणून हे कोठार बांधले, असे पुढे म्हटले आहे. म्हणजे कल्पना एका कोठाराची नव्हती. कोठारांच्या मालिकेची होती. पण क्रमांक २ कधी बांधला गेला नाही. लेखाच्या शेवटी, हे कोठार प्रथम भरून समारंभाने कोणी बंद केले, त्याचे नाव घालण्यासाठी जागा ठेवलेली आहे. ती जागा कोरीच राहिली, कारण गोलघर काठोकाठ असे कधी भरलेच नाही. त्याची दारे आतल्या बाजूस उघडतात, म्हणून ते भरले असते तर उघडताच आले नसते, अशी कथा लोक हसत हसत सांगतात. परंतु खरा दोष दारांचा नव्हता. धान्य कोणत्या जिल्ह्यांतून यायचे, ते विकत घ्यायचे की साऱ्यात घ्यायचे, जुने कधी काढून नवे कधी भरायचे, कोणत्या भावाला आणि कोणाच्या हुकुमाने दार उघडायचे, यांची व्यवस्था पक्की झाली नव्हती. विटा आणि चुना यांचा हिशेब झाला, दाण्याचा हिशेब झालाच नाही.

तेव्हा कोठारांच्या कोणत्याही योजनेला आपण चार प्रश्न विचारावेत. धान्य कोठे ठेवले? किती आहे हे कोणाला ठाऊक आहे? ते फिरते कसे? आणि कोठाराची किल्ली कोणाच्या हाती आहे? हे चारही प्रश्न साधे दिसतात. पण त्यांपैकी एकाचे जरी उत्तर चुकले तरी माणसे मरतात, असा इतिहासाचा दाखला आहे.

पहिला प्रश्न ‘कोठे’ हा. एकाच ठिकाणी मोठे कोठार बांधून तेथून जेथे लागेल तेथे धान्य पाठविले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. रेल्वेपूर्वीच्या काळाचा विचार करा. आपल्या देशावर धान्य वाहून नेणारे म्हणजे वंजारी-लमाणांचे तांडे. बैलाच्या पाठीवर गोणी आणि वाटेत मिळेल त्या गवतावर बैलांचे पोट. ज्या वर्षी पाऊस पडत नाही, त्या वर्षी माणसाला दाणा नसतो तसा बैलाला चाराही नसतो आणि वाटेवर पाणीही नसते. म्हणजे धान्याची गरज जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच ते हलविण्याचे साधन सर्वांत दुबळे! म्हणून दुष्काळाच्या अगोदर धान्य खाणाऱ्याच्या जवळ जाऊन बसलेले असावे लागते. आपल्या शेतकऱ्याला हे शहाणपण फार पूर्वीपासून ठाऊक होते. घरात कणगी आणि बळद, जमिनीत पेव. सोलापूर-विजापूरकडच्या कोरड्या भूमीत पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिके. कोकणातल्या ओलीत मात्र पेव चालायचे नाही. पेव उघडल्याबरोबर त्यात उतरू नये, आतली कोंदलेली हवा जीव घेते, हेही गावकऱ्यांना माहीत असे. धान्य साठविण्याची रीत जागेच्या हवापाण्याप्रमाणे बदलते, हा पहिला धडा या पेवांनीच दिलेला आहे.

हा धडा एका साम्राज्याने केवढ्या मोठ्या प्रमाणावर गिरविला, ते पाहण्यासाठी आपणांस दक्षिण अमेरिकेत जावे लागेल. अँडीज पर्वताच्या रांगांत पंधराव्या शतकात इंका लोकांचे राज्य पसरले. त्यांना चाक माहीत नव्हते, घोडा नव्हता, लिपीही नव्हती. ओझ्याला लामा हे जनावर; ते फार तर २५-३० किलो वजन उचलणार. अशा स्थितीत त्यांनी राजमार्गांच्या कडेने डोंगरउतारांवर दगडी कोठारांच्या रांगाच रांगा उभ्या केल्या. वानुको पंपा या एकाच ठाण्याजवळ अशी सुमारे ५०० कोठारे होती, तर कोचाबांबाच्या खोऱ्यात कोटापाची येथे सुमारे २,४०० कोठारांचे अवशेष मोजले गेले आहेत. जागा मुद्दाम उंचावर, वारा खेळेल आणि पाणी निथळेल अशी निवडलेली. मका आणि बटाट्यासारखे कंद यांच्या कोठारांची घडणही पुष्कळदा वेगवेगळी असे. आणि हिशेब? तो दोऱ्यांच्या गाठींत! या गाठाळ दोऱ्यांना ते ‘खिपू’ म्हणत आणि त्या वाचणारे कारकून प्रत्येक ठाण्यावर असत.

या हिशेबाची कसोटी मोठ्या विलक्षण प्रसंगी लागली. १५३२ नंतर स्पॅनिश लोकांनी ते राज्य बुडविले. हाऊखा खोऱ्यातील वांका लोक इंकांवर रागावलेले, म्हणून ते स्पॅनिशांना मिळाले आणि त्यांनी आपल्या कोठारांतून त्यांच्या फौजांना रसद पुरविली. स्पॅनिश सत्ता स्थिर झाल्यावर, १५६१ च्या सुमारास, वांकांच्या नायकांनी लिमाच्या न्यायालयात या साऱ्याची बाकी मांडली. कोणत्या वेळी किती मका दिला, किती लामा दिले, किती कापड दिले, काय लुटून नेले, हे सर्व त्यांनी गाठींवरून वाचून दाखविले. राजा गेला, राजधानी गेली, तरी सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या पोत्यांचा हिशेब शाबूत होता! कोठारांची साखळी भिंतींपेक्षा हिशेबावर उभी असते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या घरी येऊ. शिवकालीन राज्य हे किल्ल्यांचे राज्य होते आणि किल्ला म्हणजे कोठार, हे आपण बहुधा विसरतो. पन्हाळगडावर अंबरखान्याच्या तीन इमारती आजही उभ्या आहेत. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्यांची नावे. त्यांपैकी गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. १६६० मध्ये सिद्दी जौहराच्या वेढ्यात शिवाजीमहाराज चार महिने पन्हाळ्यावर अडकून पडले. तो काळ गडाने काढला त्यात या अंबरखान्यांचा वाटा होता, हे उघड आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास जे आज्ञापत्र लिहिले, त्यात दुर्गांचे प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर भिस्त ठेवू नये, धान्याची घरे आग, उंदीर, किडा, मुंगी आणि वाळवी यांपासून सुरक्षित अशा जागी, खाली दगडाची पक्की बांधणी करून उभारावीत, दारूखाना वस्तीच्या घराजवळ नसावा, असा बारीकसारीक विचार त्यात केलेला आहे. स्वतः राज्य चालविलेल्या, वेढे सोसलेल्या माणसाची ती लेखणी आहे.

हिशेबाची व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक होती. सभासदाच्या बखरीवरून दिसते की गडाचा अधिकार एका माणसाच्या हाती ठेवलेला नव्हता. हवालदार, सरनोबत, सबनीस असे अधिकारी असत. आणि दाण्यागोट्याचा व इतर जिनसांचा हिशेब कारखानिसाकडे असे. हे लोक एका जातीचे नसावेत अशीही दक्षता घेतलेली होती. किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे, हे त्यातले मर्म. ‘घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा’ ही आपली म्हण थट्टेची खरी, पण हवालदाराची किंमत दाण्यावर ठरते हे अनुभवाचे सत्य तिच्यात आहे. १६८९ मध्ये संभाजीमहाराज गेले, रायगड पडला, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. तरी राज्य संपले नाही. राजधानी एक होती, पण गड अनेक होते आणि प्रत्येक गडाला स्वतःचे पाणी व स्वतःचे धान्य होते. पुढे औरंगजेबाला एकेक गडासाठी महिनेच्या महिने खर्ची घालावे लागले. साखळीची एक कडी तुटली म्हणून दुसरी उपाशी पडत नाही, हे अनेक ठिकाणी साठा ठेवण्याचे दुसरे मोठे फळ.

परंतु सत्य सांगायचे तर गडावरचे धान्य मुख्यतः गडकऱ्यांसाठी होते. खालच्या गावात दुष्काळ पडला तर अंबरखाना उघडावा, असा रयतेचा हक्क कोठे लिहून ठेवलेला नव्हता. येथे आपणांस मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण होते. बहमनी अमदानीतला तो अधिकारी. दुष्काळात भुकेली माणसे दाराशी आली आणि त्याने बादशाही कोठारे लुटविली. पुढे विठूमहाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठोबा बेदरला गेला, त्याने धान्याचा पैसा भरला आणि पावती आणली, अशी संतचरित्रांतील कथा आहे. भाविकांना तीत भक्ताचा महिमा दिसतो आणि तो योग्यच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. कोठार भरलेले होते, माणसे समोर मरत होती, अधिकारी दयाळू होता. तरीही दार उघडणे हा अपराध होता आणि त्या अपराधातून सुटण्यासाठी देवाला यावे लागले! ज्या व्यवस्थेत कोठार उघडायला चमत्कार लागतो, ती व्यवस्था अपुरी आहे. आणि कथेने पावतीचा आग्रह धरावा, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. विठोबालाही हिशेब चुकला नाही.

दार कधी उघडायचे याचा नियम करून ठेवण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न चीनने केला. इ. स. पूर्व ५४ मध्ये, हान राजवंशाच्या काळी, गंग शौ-छांग नावाच्या मंत्र्याने एक योजना मांडली. सुगीत भाव पडले की सरकारने किंचित चढ्या भावाने धान्य घ्यावे. टंचाईत भाव चढले की ते उतरत्या भावाने विकावे. अशा कोठारांना ‘सदा-सम कोठारे’ असे नाव पडले. अठराव्या शतकात मांचू बादशहांनी ही कल्पना देशभर पसरविली. हजारावर तालुक्यांत प्रत्येकी सरकारी कोठार, खेड्यांतून बी-बियाणे कर्जाऊ देणारी गावकीची कोठारे, आणि राजधानीसाठी कालव्याने येणाऱ्या धान्याची वेगळी कोठारे, अशी ती तिहेरी रचना होती. १७४८ मध्ये या सरकारी कोठारांसाठी जो साठा ठरवून दिला, तो सुमारे ३ कोटी ३८ लाख ‘शी’ होता. एक शी म्हणजे शंभराहून थोडे अधिक लिटर.

यातील खरी हुशारी साठ्याच्या आकारात नाही, फिरण्याच्या नियमात आहे. धान्य हे सोन्यासारखे पुरून ठेवता येत नाही. ते श्वास घेते, तापते, किडते. म्हणून दर वसंत ऋतूत, म्हणजे घराघरांतला साठा सरत आलेला असतो अशा वेळी, दहातले तीन भाग विकावे आणि सुगीनंतर तितकेच नवे भरावे, असा साधारण नियम होता. दमट प्रांतांत हे प्रमाण वाढवीत. यामुळे धान्य ताजे राही आणि त्याच हाताने भावही आटोक्यात राही. अधिकाऱ्याची बदली झाली म्हणजे नव्याने जुन्याकडून कोठार मोजून घ्यावे आणि तूट निघाल्यास ती जुन्याने भरून द्यावी, असाही दंडक होता. १७४३ मध्ये पेकिंगभोवतालच्या प्रांतात अवर्षण पडले तेव्हा घरोघर पाहणी झाली, गरजू कुटुंबांची नोंद झाली, आणि राजधानीच्या वाटेवर साठविलेले धान्यही दुष्काळी भागाकडे वळविण्यात आले. त्या कामावरील फांग ग्वान-छंग या अधिकाऱ्याने त्याचा तपशीलवार वृत्तांत पुढे प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो.

मग ही व्यवस्था गेली कोठे? ती एका दिवसात कोसळली नाही. १७९६ पासून बंडे आणि लढाया सुरू झाल्या, खजिना रिता झाला, कोठारांतले धान्य आणि पैसा सैन्याकडे गेला. एकदा काढलेले पुन्हा भरले गेले नाही. वहीत मात्र आकडे पूर्ववत राहिले. १८७६ ते १८७९ या वर्षांत उत्तर चीनमध्ये भीषण दुष्काळ पडला तेव्हा या रिकाम्या कोठारांचा काही उपयोग झाला नाही आणि सुमारे एक कोटी माणसे दगावली.

नेमक्या त्याच वर्षांत आपल्या दख्खनवरही मोठा दुष्काळ पडला, हे आपणांस ठाऊक आहे. पाऊस हटविणारे हवामानाचे संकट एकच होते, असे आज शास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडे सरकारी कोठारे नव्हतीच. रेल्वे आली आहे, व्यापारी आहेत, भाव चढले की धान्य आपोआप येईल, अशी राज्यकर्त्यांची श्रद्धा होती. धान्य आले, पण ते विकत घ्यायला मजुराच्या गाठी पैसा नव्हता. शिवाय जी रेल्वे धान्य आणते ती ते नेतेही. ज्या बाजारात भाव अधिक तिकडे ते जाते. १८७६-७८ च्या त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. चीनमध्ये कोठारे होती पण ती रिकामी. आपल्याकडे गाडी होती पण तिच्यावर भुकेल्याचा हक्क नव्हता. वाटा दोन, स्मशान एकच. १८८० च्या दुष्काळ कमिशनने नंतर कामे काढावीत, मजुरी द्यावी, आगाऊ तयारी ठेवावी, असे नियम सुचविले. तो मोठाच सुधार होता. पण धान्याचा धंदा व्यापाऱ्यांवर सोडावा, हे मत कायम राहिले.

या मताची किंमत १९४३ मध्ये बंगालने मोजली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्याच्या जिल्ह्यांतून तांदूळ हलविला आणि होड्या काढून घेतल्या. नद्यांच्या त्या मुलखात होडी हीच गाडी. म्हणजे साखळीचे दुवे सरकारनेच तोडले. कलकत्त्याच्या कारखान्यांना आणि कचेऱ्यांना धान्य मिळण्याची तजवीज आधी झाली. खेड्यातला भूमिहीन मजूर आणि कोळी मात्र यादीतच नव्हता. सरकारी चौकशी समितीने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला. येथे चौथा प्रश्न, किल्लीचा प्रश्न, सर्वांत क्रूर रूपाने पुढे येतो.

स्वातंत्र्यानंतर आपण जी व्यवस्था उभारली तिच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १९५४ मध्ये गोरवाला समितीचा ग्रामीण पतपुरवठ्यावरील अहवाल आला. त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. शेतकरी सुगीत पडेल भावाने माल विकतो, कारण त्याला पैशाची निकड असते आणि माल ठेवायला जागा नसते. तेव्हा गावोगाव गुदामे असावीत, शेतकऱ्याने माल ठेवून पावती घ्यावी आणि त्या पावतीवर त्याला कर्ज मिळावे, असा या शिफारशींचा रोख होता. १९५६ मध्ये कायदा झाला, १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि त्यापाठोपाठ आपले राज्य वखार महामंडळ निघाले. १४ जानेवारी १९६५ रोजी भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. किल्लीचा एक छोटा भाग पावतीच्या रूपाने शेतकऱ्याच्या हाती आला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने खाणाऱ्यालाही कायद्याचा हक्क मिळाला.

१९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ४९ लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती मजुरी पडत होती आणि त्या मजुरीने आणायला गावात काही धान्यही पोचत होते, काही रेशनच्या दुकानातून, काही व्यापाऱ्यांच्या वाटेने. हाल फार झाले, गुरे गेली, बायकामुलांनी अर्धपोटी दिवस काढले. तरी १८७६ सारखी मृत्यूची लाट आली नाही. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. केवळ धान्य पुरत नाही आणि केवळ पैसाही पुरत नाही. धान्याची साखळी आणि मजुरीची साखळी एकमेकींत गुंतवावी लागते, हे महाराष्ट्राने आपल्या अनुभवातून देशाला दाखविले.

म्हणून समाधान मानून स्वस्थ बसावे काय? तसे करता येणार नाही. मोठा साठा ठेवणे खर्चाचे असते आणि ज्या वर्षी पाऊस चांगला होतो त्या वर्षी तो खर्च व्यर्थ वाटतो. नेमक्या अशा सुकाळाच्या वर्षांतच कोठारे नासतात. कोणी मोजायला जात नाही, जुने धान्य फिरत नाही, वहीवर जुनाच आकडा उतरवला जातो. चीनची कोठारे दुष्काळाने रिकामी केली नाहीत. दोन दुष्काळांच्या मधल्या निष्काळजीपणाने केली.

यावर नागरिकांनी करावयाचे काम फार अवघड नाही. आपल्या तालुक्याचे गुदाम कोठे आहे, त्यात किती माल आहे, तो केव्हा भरला आणि केव्हा हलतो, आणि उद्या प्रसंग आला तर कोणाच्या सहीने दार उघडेल, हे आपण सुकाळात विचारावे. तहान लागल्यावर विहीर खणू नये ही आपली जुनीच शिकवण आहे. खणलेल्या विहिरीत पाणी आहे की नाही हे अधूनमधून पोहरा टाकून पाहावे, एवढीच तिला माझी पुस्ती आहे.